पुण्यात नव्याने आलेल्यांसाठी: कमी पैशांत पोटभर जेवायची तजवीज

पुण्यात आल्यावर पहिल्या पंधरा दिवसांतच पैशांच्या वाटण्या होऊन जातात. कॉटचं, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं, डिपॉझिट, अभ्यासिकेची फी, बसचा पास, गावी धाडायची रक्कम. घरमालक थांबत नाही आणि अभ्यासिकावालाही थांबत नाही. गुपचूप थांबून घेतं ते फक्त पोट, म्हणून कात्री पहिल्यांदा तिथेच लागते.

मी २०१२ साली परभणी जिल्ह्यातून स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेत आले. मेस एकच वेळची लावली होती. सकाळी अमृततुल्यचा चहा आणि क्रीमरोल, दुपारी मेस, रात्री वडापाव. भूक लागली की चहा, कारण चहाने भूक मरते. आठ महिन्यांनी अभ्यासिकेचा जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी पायरीवरच बसले. मैत्रिणीने दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन निघालं ७.४. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काल दिवसभरात काय काय खाल्लंस?" मी दोन्ही वेळचं साग्रसंगीत जेवण सांगितलं. खोटं सांगितलं. वडापाववर राहते हे सांगायची लाज वाटली.

आज मी एका हिशेबनिसाच्या ऑफिसात काम करते आणि दत्तवाडीत राहते. ओळखीतून नवीन मुलं-मुली, कामाला आलेली जोडपी खोली शोधत येतात, आणि प्रत्येकाला मी तेच ते सांगत असते. म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय.

सगळ्यात आधी: पोटाचे पैसे एक तारखेलाच धान्यात घाला

महिन्याचे पैसे हातात आले की भाड्याच्याही आधी जेवणाचे पैसे बाजूला काढा. पण नुसते पाकिटात ठेवू नका, ते खर्च होतात. त्याच दिवशी ज्वारी किंवा गहू, तांदूळ, डाळ, हरभरे, शेंगदाणे, तेल, मीठ-तिखट भरून टाका. पेटीतली डाळ मोबाइलच्या रिचार्जला जात नाही. मेस लावणार असाल तर मेसचे पैसे पहिल्या दिवशी भरून मोकळे व्हा.

गरिबी महाग पडते ती इथेच. ज्याच्या हातात रोज दोनशे रुपये पडतात तो दहा रुपयांचं तेल, वीस रुपयांची डाळ, पाचची मिरची असं घेतो. पुडीतलं तेल लिटरच्या भावापेक्षा नेहमी चढ्या दराने पडतं. तो उधळ्या नसतो, त्याच्याकडे एकरकमी पाचशे रुपये कधी जमतच नाहीत. यावर उपाय एकच, चौघांनी मिळून भरणं. एका मजल्यावरच्या चार मुलींनी किंवा चाळीतल्या चार घरांनी आठवड्याला शंभर-शंभर काढून एका आठवड्याला तेल, दुसऱ्या आठवड्याला डाळ अशी पाळी लावायची. बायका भिशी चालवतात तशीच ही किराण्याची भिशी. माझ्या पहिल्या चाळीत ही दोन वर्षं चालली. एकदाच भांडण झालं, तेही साखरेवरून.

गावाहून येताना कपडे कमी आणा, पण ज्वारी-बाजरी, तूरडाळ, काळं तिखट, गूळ, कारळाची आणि जवसाची चटणी आणा. शेतातला माल असेल तर घरून दर दोन महिन्यांनी येऊ द्या. एसटीने डबे आणि पोती येतात, तो पुण्यातल्या विद्यार्थ्यांचा जुना रस्ता आहे. पिठाची गिरणी प्रत्येक पेठेत आहे. ज्वारीचं पीठ मात्र एका वेळी दीड-दोन किलोच दळा, जुनं झालं की त्याची भाकरी थापताना तुटते.

रेशन: गावचं कार्ड पुण्यात चालतं

हे बहुतेकांना माहीतच नसतं, म्हणून सविस्तर सांगते.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्याखाली दोन गट येतात. अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरीब घरांच्या कार्डाला महिन्याला ३५ किलो धान्य, घरात माणसं कितीही असोत. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. पूर्वी तांदूळ ३ आणि गहू २ रुपये किलो होता, आता तेही पैसे द्यायचे नाहीत. कुणी मागितले तर देऊ नका. पावती मागा, त्यावर किलो लिहिलेले असतात. कार्डाच्या रंगावरून अंदाज बांधू नका. केशरी कार्ड असूनही प्राधान्य कुटुंबात नाव असतं, आणि कुणाचं नसतं. कार्डावरचा शिक्का बघा, नाहीतर गावच्या कंट्रोलवाल्याला विचारा.

एक देश एक रेशन कार्ड या व्यवस्थेमुळे तुमचं कार्ड परभणीचं असो, नंदुरबारचं असो, नाहीतर बिहारचं असो, पुण्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात चालतं. कार्डसुद्धा न्यायची गरज नाही, कार्डाचा क्रमांक किंवा आधार क्रमांक पुरतो. फक्त तुमचं नाव कार्डात हवं, आधार जोडलेलं हवं आणि ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, झालेली हवी. घरातल्या पाचांपैकी दोघं पुण्यात असतील तर आपल्या वाटणीचं इथे उचलायचं, उरलेलं गावी आई उचलेल. मात्र आधी घरी फोन करा. गावी आईने सगळंच उचललेलं असलं तर इथे मशीन शून्य दाखवतं, आणि विनाकारण दुकानदाराशी वाद होतो.

लग्न होऊन आलेल्या मुलींचा घोळ वेगळा असतो. नाव माहेरच्या कार्डात, आणि सासरी कार्डात नाहीच. माहेरच्या तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय इथे नाव चढत नाही. हे काम लग्नानंतर लगेच करा. मूल झाल्यावर पायपीट दुप्पट होते.

अंगठ्याचं सांगते. माझ्या शेजारच्या मावशी चार घरची धुणीभांडी करायच्या. त्यांच्याबरोबर एकदा रेशनला गेले होते. पॉस मशीनवर त्यांनी अंगठा ठेवला, लाल दिवा. पदराला घासून पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. दहाही बोटं झाली. भांड्याच्या पावडरीने बोटांची कातडी पांढरी, गुळगुळीत झाली होती, रेषा राहिल्याच नव्हत्या. दुकानदार म्हणाला, "पुढच्या महिन्यात बघू." त्यांनी पिशवी घडी करून काखेत घातली आणि निघाल्या. भांडल्या नाहीत, कारण पाचच्या घरी भांडी पडली होती. अशा वेळी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवून किंवा डोळ्यांचं स्कॅन करून धान्य देता येतं. तसा आग्रह धरा. धुण्याभांड्यांना हात लावायच्या आधी सकाळी जाणं आणि रात्री बोटांना तेल लावून झोपणं, याचाही फरक पडतो. आणि आधारला मोबाइल नंबर जोडलेला नसेल तर आजच जोडून घ्या, निम्मी अडवणूक तिथेच संपते.

तक्रारीसाठी १९६७ हा नंबर आहे, आणि १८०० २२ ४९५० हा राज्याचा. शहरात आपापल्या भागाचं परिमंडळ कार्यालय, म्हणजे रेशनचं सरकारी ऑफिस असतं, नवीन कार्डाचा अर्ज तिथे द्यायचा.

ज्यांच्याकडे कार्डच नाही त्यांना कटू गोष्ट आधीच सांगून ठेवते. शहरात प्राधान्य कुटुंबासाठी वर्षाला ५९,००० रुपयांची उत्पन्नमर्यादा आहे, गावाकडे ४४,०००. म्हणजे शहरात महिन्याला पाच हजारही नाहीत. पुण्यात पाच हजारांत कॉटचं भाडं आणि मेस होत नाही. तीन घरची भांडी घासणारी बाई या मर्यादेच्या वर जाते आणि रात्री उपाशीही झोपते. शिवाय राज्याचा सुमारे ७ कोटी लोकांचा इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेला आकडा, २०११ च्या जनगणनेवर बांधलेला आहे, त्यामुळे पात्र असूनही नावं रांगेत पडून राहतात. तरीही अर्ज करा आणि पोच घ्या. जागा रिकामी झाली की पोच असलेल्याचं काम आधी होतं.

चूल आहे का, यावर सगळं ठरतं

"घरी करून खा, स्वस्त पडतं," हा सल्ला देणारे विसरतात की पुण्यात हजारो जण कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत पाच कॉट, एक पेटी, आणि भिंतीवर पाटी: स्वयंपाक करू नये. म्हणून आधी आपली जागा बघा.

विस्तव चालणारच नसेल तर मेस किंवा डबा हा पाया धरा. पेठांत दोन वेळच्या मेसचे महिन्याला तीन हजारांच्या आसपासपासून पुढे पैसे पडतात. पैसे भरण्याआधी एकदा सुटं ताट घेऊन जेवून बघा, आणि ते रविवारी नको, मधल्या वारी. रविवारी दुपारी फीस्ट असते, त्या दिवशी सगळ्याच मेस चांगल्या. वरण बघा. डाव घातल्यावर तळातून डाळ वर येते की नुसतं पिवळं पाणी, एवढं पाहिलं तरी मेसची नियत कळते. खाडा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे कापणं, किती दिवसांचा धरतात हे आधीच विचारा. बऱ्याच ठिकाणी सलग तीन दिवस गेल्याशिवाय खाडा कापत नाहीत, आणि सणाला गावी जाणाऱ्यांचे त्यात पैसे बुडतात. रविवारी संध्याकाळी मेस बंद, हे पुण्याचं जुनं वळण. ती एक वेळ आधीच डोक्यात धरा, नाहीतर दर रविवारी बाहेर शंभर रुपये जातात.

दोघींत एक डबा ही पद्धत सगळीकडे आहे. करा, पण डब्याचे दोन भाग केलेत की जे कमी पडलं ते दुसऱ्या कशाने तरी भरून काढा. पोळी-भाजी केंद्रातून सुट्या पोळ्या किंवा भाकऱ्या मिळतात. डब्यात चार पोळ्या, वर दोन भाकऱ्या, काकडी-कांदा, मूठभर शेंगदाणे, एक उकडलेलं अंडं, एवढ्यात दोघींचं धड जेवण होतं.

विस्तवाशिवाय होणाऱ्या गोष्टी आपल्या घरात पूर्वीपासून आहेत, त्या विसरलो आहोत इतकंच. दही-पोहे, कच्च्या तेलातले दडपे पोहे, सातूचं पीठ गूळ-दुधात किंवा गूळ-पाण्यात, मेतकूट आणि दही, दाणे-गूळ. भिजवलेले हरभरे. मोडाची मटकी तर खोलीत सहज होते. सकाळी भिजत घालायची, रात्री ओल्या फडक्यात बांधून कॉटच्या दांडीला टांगायची, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोड तयार. कच्ची खाऊ नका, पोट बिघडतं. केटलीत पाणी उकळवून ते मटकीवर ओता आणि झाकण ठेवून दहा मिनिटं थांबा, मग कांदा-लिंबू-तिखट घाला. केटलीला घरमालकाची हरकत नसते, विजेच्या शेगडीला असते. अंडी आणि सोयाचे वडेही केटलीच्या पाण्यात होतात.

विस्तव चालत असेल तर ५ किलोचा छोटा सिलेंडर घ्या. ओळखपत्रावर मिळतो, पुण्याच्या पत्त्याचा पुरावा लागत नाही. गॅस एजन्सीतून, कंपनीचाच घ्या. गल्लीतल्या दुकानात मोठ्या टाकीतून छोट्यात भरून देतात, त्याच्या वाटेला जाऊ नका, खोलीत पाचजण झोपतात. पहिली खरेदी तीन लिटरच्या कुकरची करा. तळाला डाळ, वरच्या डब्यात तांदूळ, त्याच्या कडेने दोन बटाटे किंवा धुतलेली अंडी. तीन शिट्ट्या, गॅस बंद, वाफ आपोआप जिरू द्यायची. एका वेळच्या गॅसवर दोघांचं दोन वेळचं होतं.

ताटात काय हवं, आणि ते कितीला पडतं

पोट भरणं आणि अंगाला लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भात, पोळी आणि बटाट्याने पोट भरतं. कमी पडतात ती प्रथिनं, लोह आणि हिरवं. बसून काम करणाऱ्या, ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात, ६५ किलोच्या पुरुषाला ५४. ही कुठून स्वस्त मिळतात याचा हिशेब मी वहीत मांडून ठेवला आहे. भाव माझ्या गल्लीतल्या दुकानाचे आणि ढोबळ आहेत. ते वर-खाली होतील, पण क्रम फारसा बदलत नाही.

दहा ग्रॅम प्रथिनांसाठी सोयाचे वडे घेतले तर अडीच रुपयांच्या आत काम होतं, कारण शंभर ग्रॅममध्ये जवळजवळ ५० ग्रॅम प्रथिनं असतात. हरभरे साडेचार रुपयांत. शेंगदाणे आणि तूरडाळ साडेपाच-सहा रुपयांत. अंड्यांतून घ्यायचे तर अकरा-बारा रुपये, दुधातून वीसच्या आसपास, पनीरमधून त्याहूनही जास्त. डब्यातली प्रोटीन पावडर कुणी गळ्यात मारायला आलं तर ही वही त्याच्यापुढे धरा.

म्हणजे दिवसभरात ज्वारीच्या तीन भाकऱ्या, वाटीभर भात, पन्नास ग्रॅम डाळीचं वरण, तेवढंच कडधान्य, मूठभर दाणे, एक अंडं किंवा दोन पेले ताक, एक पालेभाजी, थोडा गूळ आणि फोडणीचं तेल. अभ्यास करणाऱ्या मुलीला एवढं पुरतं, आणि स्वतः शिजवलं तर साठ रुपयांच्या आसपास पडतं. वीट-सिमेंट उचलणाऱ्याला भाकरी-भात दुप्पट लागतो. त्याच्या ताटाकडे बघून कुणी "किती खातो" म्हणू नये.

ज्यांच्या घरी चालतं त्यांनी मटणाच्या भावाला घाबरून मांसाहार सोडू नये. कोंबडीची पेटा-कलेजी कोंबडीपेक्षा स्वस्त मिळते आणि लोहात तिची बरोबरी भाज्यांना येत नाही. सुकट आणि बोंबील मंडईत सुटे मिळतात. मूठभर सुकट, कांदा, चिंच, भाकरी. मूठभर सुकटीवर दोघांची एक वेळ निघते. शेजारी वासाला नाक मुरडतात म्हणून खोलीत सुकट करणं बंद केलेल्या मुली मला माहीत आहेत. दार लावा, खिडकी उघडा आणि करा. ताटात काय वाढायचं हे शेजाऱ्यांनी ठरवायचं नाही.

शाकाहारी असाल तर रोज दही किंवा ताक हवंच, बी-१२ भाज्यांतून मिळत नाही. नाचणीत कॅल्शियम भरपूर, बाजरीत लोह. भाकरी, पालेभाजी, हरभरे यांवर लिंबू पिळा, त्यातलं लोह अंगी लागतं. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जातं. जेवण आणि चहात तासाभराचं अंतर ठेवा. पैसा न लागणारा बदल हवा असेल तर हा सगळ्यात मोठा.

बाजार

महात्मा फुले मंडई १८८६ ची, आणि तिच्यात दिवे लागल्यावर जायचं. रात्री पावणेनऊच्या सुमारास बाहेरच्या बाजूला बसलेल्या भाजीवाल्या बायका आवराआवर करत असतात. पोतं झटकलेलं असतं, आणि समोर तांदुळजाच्या किंवा आंबट चुक्याच्या शेवटच्या दोन-तीन जुड्या, कडेने जरा मलूल झालेल्या. "घेऊन जा, दोन्हीचे पंधरा दे." घासाघीस करू नका, कारण ती बाईही पहाटे तीनपासून उभी आहे आणि तिच्याही घरी हाच हिशेब चालू आहे. एकच भाजीवाली धरा. महिन्याभरात ती तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवते. घरी गेल्यावर जुडी सोडा, पिवळी पानं काढा, ओल्या फडक्यात गुंडाळा, सकाळी टवटवीत होते.

गुलटेकडीचं मार्केटयार्ड घाऊक आहे, एकट्याने जाण्यात अर्थ नाही. चार-पाच जण मिळून कांदे-बटाटे, लसूण, भुसार आणायचं असेल तरच जा. फळ-भाजीचा विभाग शनिवारी बंद असतो. रविवारी सगळं पुणं तिथे असतं.

ऋतू सोडून खाऊ नका. मार्गशीर्ष-पौषात मेथी, पालक, गाजर, पावटा, हरभऱ्याची ओली भाजी स्वस्त असते, तेव्हा पोटभर खा. श्रावणात आणि पितृपंधरवड्यात भाज्या कडाडतात, तेव्हा कडधान्यं, पिठलं, सांडगे काढा. मुळ्याचा पाला, फ्लॉवरची कोवळी पानं, कोथिंबिरीच्या काड्या फेकू नका. आणि वस्तीत शेवग्याचं झाड असेल तर त्याच्या पाल्याची भाजी किंवा डाळीत घालून आमटी करा. फुकटात मिळणारी इतकी पौष्टिक भाजी पुण्यात दुसरी नाही.

हात अगदी रिकामा असतो तेव्हा

महिन्याच्या शेवटी असे दिवस येतात. पगार अडकतो, ठेकेदार पळतो, घरून पैसे येत नाहीत.

शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भाताची मूद. ती फक्त दुपारच्या जेवणाच्या वेळेत मिळते आणि केंद्रावरच्या ठरलेल्या थाळ्या संपल्या की संपली, म्हणून बारालाच पोचा. अनुदान रखडलं की केंद्रं बंद पडतात, तेव्हा आपल्या जवळचं चालू आहे का हे आधी विचारून ठेवा. चपात्या तीस-तीस ग्रॅमच्या असतात, अंगमेहनत करणाऱ्याचा दिवस तेवढ्यावर निघत नाही. बरोबर दाणे-गूळ बांधून न्या.

हमाल पंचायतीची कष्टाची भाकर मात्र पोटभरीची आहे. बाबा आढाव आणि हमाल पंचायतीने १९७४ मध्ये, बहात्तरच्या दुष्काळाची झळ ताजी असताना, ती सुरू केली. ना नफा ना तोटा. हमालांना ओझं वाहता येईल इतकी ताकद भाकरीतून मिळायला हवी, हा त्यामागचा हिशेब. पोळी किंवा भाकरी, झुणका, उसळ, वरण-भात, हॉटेलच्या कितीतरी कमी पैशांत. ती हमालांपुरती नाही, कुणीही जाऊन जेवावं. मी माझ्या सगळ्यात कडकीच्या दिवसांत सदाशिव पेठेतून चालत तिथे जायचे. तिथे कुणी तुमच्या कपड्यांकडे बघत नाही, शेजारी बसलेला माणूस पाठीवरचं पोतं उतरवून आलेला असतो.

गुरुद्वारात लंगर असतो, कॅम्पात मोठा गुरुद्वारा आहे. डोकं झाकायचं, हातपाय धुवायचे, पंगतीत बसायचं, हवं तेवढं मागून घ्यायचं आणि टाकायचं नाही. जात, धर्म, नाव कुणी विचारत नाही. जेवण झाल्यावर थोडी भांडी घासायला थांबलात तर मनालाही बरं वाटतं.

या शहरात गरीब मुलांनी दुसऱ्याच्या दारी जेवून शिकणं ही जुनी रीत आहे. पूर्वी वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. माधुकरी मागायचे. त्यात जातीची कुंपणं होती, सगळ्यांना ती दारं उघडी नव्हती. लंगराला आणि कष्टाच्या भाकरीला ती कुंपणं नाहीत. विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठात आणि काही महाविद्यालयांत कमवा व शिका योजना आहे, विद्यार्थी साहाय्यक समितीसारखी वसतिगृहं आहेत. तिथे प्रवेशाच्या वेळीच अर्ज करावा लागतो, कडकी आल्यावर नाही.

लहान मुलं बरोबर असतील तर पहिल्या आठवड्यातच जवळची अंगणवाडी शोधा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम आहार, त्याहून लहानांना आणि गरोदर-स्तनदा बायकांना घरी न्यायचा शिधा मिळतो. बांधकामाच्या साइटवर राहणाऱ्यांच्या मुलांचाही त्यावर हक्क आहे, पुण्याचं मतदान कार्ड लागत नाही. महापालिकेच्या शाळेत आठवीपर्यंत दुपारचं जेवण असतं. वर्षाच्या मध्यात आलात तरी शाळेने मूल दाखल करून घ्यायचं असतं. शाळा नाही म्हणाली तर लेखी मागा.

दवाखाना

तीन महिने झाले की हिमोग्लोबिन तपासून घ्या, विशेषतः मुलींनी. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. म्हणजे खोलीतल्या पाच जणींपैकी दोघी-तिघी. धाप लागणं, केस गळणं, वाचलेलं डोक्यात न राहणं, सतत झोप येणं हे आळसाचं लक्षण समजू नका. महापालिकेच्या दवाखान्यात तपासणी होते आणि लोहाच्या गोळ्या मिळतात.

डॉक्टरांनी काल काय खाल्लं विचारलं तर खरं सांगा. वडापाव तर वडापाव, काही नाही तर काही नाही. मी खोटं सांगितलं म्हणून मला नुसतं टॉनिक मिळालं आणि आणखी चार महिने गेले. दुसऱ्या वेळी खरं सांगितलं तेव्हा त्याच डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, आणि चिठ्ठीच्या मागे पेनाने लिहून दिलं: मोड, दाणे-गूळ, लिंबू, अंडं. गोळी जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, चहा किंवा दुधाबरोबर नाही. शौचाला काळं होतं, त्याने घाबरून मध्येच सोडायची नाही. हिमोग्लोबिन बरोबर झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने चालू ठेवायची.